सातवीचा ऊर्जेचा धडा : एकीला पवनचक्की दिसत नाही, एकाला ऐकू येत नाही, एकाला आवाज सोसत नाही. एकाच वर्गात शिकवू कसा?

डोंगरपट्टी_गुरुजी

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे. सातवी, पट २३. शाळेच्या ओट्यावर उभं राहिलं की वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात आणि कोयनेचं धरणही काही लांब नाही. ऊर्जासाधनं शिकवायला याहून चांगली जागा कुठली, असं मी दरवर्षी ऐटीत म्हणतो. यंदा तोंडावर आपटलो.

वर्गाची ओळख करून देतो, नावं देत नाही. एक मुलगी जन्मापासून पूर्ण अंध आहे. ब्रेल सफाईनं वाचते, पाढे माझ्यापेक्षा पक्के. एक मुलगा कानाला यंत्र लावतो आणि बाकीचं ओठांवरून वाचतो. एक स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, मोठा आवाज झाला की कान दाबून बाकाखाली जातो. एकाला बौद्धिक अक्षमता आहे. तो शिकतो, पण त्याच्या चालीनं. 'अनूतनीकरणक्षम', म्हणजे एकदा वापरलं की परत न मिळणारं, हा शब्द त्यालाच काय, मलाही एका दमात म्हणता येत नाही. शिवाय दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड टोळीबरोबर आलेला एक आहे, तो मार्चमध्ये परत जाईल. विशेष शिक्षिका येतात, पण त्यांच्याकडे इतक्या शाळा आहेत की आमच्या वाट्याला महिन्यातून दोन दिवस.

मी काय केलं? बुटांचे दोन खोके घेतले. एकावर 'संपतं', दुसऱ्यावर 'परत मिळतं'. ब्रेल पट्ट्याही चिकटवल्या. वस्तू मांडल्या : कोळसा, रॉकेलची रिकामी बाटली, गोवरी, 'कोयना' लिहिलेली पाण्याची बाटली, कागदी भिरभिरं आणि एक छोटी सोलर पाटी. पाटीला बझर जोडला, म्हणजे ऊन पडलं की वाजेल आणि मुलीला कळेल. मनात म्हटलं, वा मास्तर!

बझर वाजला आणि स्वमग्न मुलगा पहिल्या दोन सेकंदांत बाकाखाली. ज्याला ऐकू कमी येतं तो विचारतोय, सगळे का हसले? बझर बंद केला. मग बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलानं कोयनेची बाटली उचलून 'संपतं' मध्ये ठेवली. भिरभिरंही तिथंच. मी म्हटलं, अरे नाही. तर तो म्हणाला, "मे महिन्यात धरण संपतं. पंखे पण आता बंदच हायेत." खिडकीतून बघितलं तर खरंच, नोव्हेंबरचा वारा, चारपाच चक्क्या ठप्प उभ्या.

आणि सगळ्यात कडी म्हणजे त्या मुलीनं विचारलं, "सर, एवढे मोठे पंखे वारा घालायला लावलेत, त्यांना वीज किती लागत असेल?" आमच्याकडे सगळे त्यांना पंखेच म्हणतात. तीन वर्षं ती माझ्या वर्गात आहे आणि तीन वर्षं तिला वाटतंय की त्या पठारावर कुणीतरी सीलिंग फॅन लावलेत.

बचतीच्या भागाचं तर विचारूच नका. 'दिवे बंद करा'चं चित्र रंगवून घेतलं, झालं.

आता पुढच्या आठवड्यात धडा पहिल्यापासून घेणार आहे. प्रत्येकासाठी वेगळं काही करायचं तर माझ्याकडे चार हात नाहीत. कुणी केलंय का असलं काही?

सहजच_सुचलं

सर, एक कल्पना. सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी बांधा आणि वस्तू हातानं ओळखायला सांगा. सगळे समान पातळीवर येतील, शिवाय अंध मुलीचं जग कसं असतं तेही मुलांना कळेल.

सहा_ठिपके

सहजच_सुचलं, हेतू चांगला आहे, पण कृपया हे करू नका. मी स्वतः पूर्ण अंध आहे, पुण्यात बँकेत नोकरी करतो आणि हे स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकतोय. पट्टी बांधून मुलांना जे कळतं ते माझं जग नसतं. नुकता आंधळा झालेला माणूस कसा धडपडतो ते कळतं. आणि त्या वर्गात ओठ वाचणारा एक मुलगा आहे. त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली की त्याचे कान-डोळे दोन्ही गेले. त्याला समान पातळीवर आणायच्या नादात खड्ड्यात ढकललंत.

गुरुजी, तुमच्या मुलीचा प्रश्न वाचून मी एकटाच हसलो, मग गप्प झालो. मला बारावीपर्यंत वाटायचं की सोलर पॅनेल म्हणजे गच्चीवरची काळी टाकी, कारण मामाकडे तिला सगळे 'सोलर' म्हणायचे. ती पाणी तापवायची, वीज नाही करायची. कुणीच दोन्हींवर माझा हात नेऊन ठेवला नाही. सगळी पुस्तकं 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे' म्हणून मोकळी.

तिला आधी टेबलफॅनसमोर उभं करा. बटण दाबलं, पातं फिरलं, वारा आला. मग फॅनची वीज काढा आणि तिला भिरभिरं घेऊन मैदानात पळायला लावा, काडी बोटांत सैल धरून. वारा आधी, फिरणं नंतर. क्रम उलटा झाला हे तिच्या बोटांना कळेल, व्याख्या द्यायची गरज पडणार नाही. आणि उंची सांगताना 'प्रचंड' म्हणू नका. शाळेचा झेंड्याचा खांब तिला हातानं माहीत असेल, असे किती खांब एकावर एक, ते सांगा.

आकृतीसाठी महागडं काही नको. खिडकीच्या डासांच्या जाळीचा तुकडा पुठ्ठ्यावर ठोका, वर कागद ठेवा आणि तेलखडूनं दाबून रेघ ओढा. रेघ खरखरीत उठते, बोटाला लागते. तीही त्यावर चित्र काढू शकेल. मला शाळेत चित्र काढायला कुणी सांगितलंच नव्हतं, हे जाता जाता.

बोलकी_बोटं

मी कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत बावीस वर्षं शिकवतेय. गुरुजी, तुमच्या त्या मुलासाठी चार गोष्टी, फुकटातल्या.

खिडकीकडे पाठ करून बोलू नका. तुमचा चेहरा काळा पडतो आणि ओठ दिसत नाहीत. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, ही सवय मोडायला मला वर्ष लागलं. मिशी ओठांवर येत असेल तर कातरा, खरंच सांगतेय. आणि हे लक्षात घ्या की प, ब, भ, म ही अक्षरं ओठांवर एकसारखीच दिसतात. 'पवन' आणि 'भवन' त्याच्यासाठी एकच. त्यामुळे नवा शब्द आधी लिहा, मग वस्तू दाखवा, मग बोला. वस्तू दाखवता दाखवता बोललात तर तो वस्तू बघेल की तुमचे ओठ? आमची मुलं दोन्ही एकदम बघू शकत नाहीत, ही गोष्ट ऐकणाऱ्या शिक्षकांच्या ध्यानातच येत नाही.

खुणांसाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश आहे, व्हिडिओ फुकट बघता येतात. तुमच्या मुलाला सांकेतिक भाषा येत नसेल तरी दहा खुणा सगळ्या वर्गाला शिकवा. स्वमग्न मुलालाही खुणांचा उपयोग होतो असा माझा अनुभव आहे, तिथं आवाज नसतो.

आणि बझर फेकून द्या. त्या वर्गात आवाज हा एकीचा रस्ता आणि दुसऱ्याचा त्रास आहे, तिसऱ्यापर्यंत तर तो पोचतच नाही. बझरच्या जागी खेळण्यातली छोटी मोटर लावा. दांडीवर बुचाचा तुकडा खोचा आणि त्याला रिबीनची पट्टी चिकटवा. उन्हात धरली की रिबीन तळहातावर फडफडते, पाटीवर हात धरला की थांबते. हाताला कळतं, डोळ्याला दिसतं, कानाला काही नाही. फिरणाऱ्या वस्तू तुमच्या स्वमग्न मुलाला आवडत असतील तर एका दगडात तीन पक्षी. फक्त ऊन चांगलं हवं, अकरानंतर करा.

ऊर्जानगरकर

नमस्कार सर. मी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालो. २९२० मेगावॉटचं केंद्र हाये आमचं, कोळशाची धूळ खाऊनच मोठे झालो आम्ही. दोन गोष्टी सांगतो, राग मानू नका.

पहिली : तुम्ही खोक्यात कोणता कोळसा ठेवला? इस्त्रीवाल्याकडचा किंवा लोहाराकडचा असंल तर तो लाकडाचा कोळसा. झाड जाळून या वर्षी केलेला. पुढच्या वर्षी झाड लावलं तर परतही मिळंल. आमच्याकडचा दगडी कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांआधी दलदलीत गाडल्या गेलेल्या जंगलाचा. तो 'संपतं' मध्ये. दोन्ही हातात द्या : लाकडाचा हलका, बोटं लगेच काळी करते. दगडी वजनदार, थराथराचा, काही तुकडे तर नखासारखे गुळगुळीत. त्या मुलीला हा फरक डोळसांच्या आधी समजंल, पैज लावतो. पत्ता निरोपातून कळवा, एक ढेकूळ पाठवतो.

दुसरी : पुस्तकात प्रत्येक ऊर्जेचा वेगळा परिच्छेद असते, म्हणून लेकरांना वाटते की दहा वेगळ्या गोष्टी आहेत. खरं तर आमच्याकडं कोळसा जाळून पाण्याची वाफ करतो, वाफ चाक फिरवते. तुमच्या कोयनेत पाणी चाक फिरवते, पठारावर वारा फिरवते. अणुवीज केंद्रातही शेवटी वाफच. चाक एकच, ढकलणारा वेगळा. अपवाद सोलर पाटीचा, तिथं काहीच फिरत नाही.

म्हणून खेळण्यातल्या गाडीची पिवळी गिअरवाली मोटर आणा. दांडी हातानं गरगर फिरवा, दोन वायरींना एलईडी जोडला तर लागते. आता खरी गंमत. एलईडी काढा आणि दोन्ही वायरी एकमेकींना टेकवा. दांडी एकदम जड होते! वायरी सोडल्या की हलकी. वीज ओढली की चाक जड होते, हे आयुष्यभर कंट्रोल रूममध्ये काट्यावर पाह्यलं, पण हातानं समजलं ते नातवाच्या गाडीच्या मोटरीवर.

कोयनेच्या बाटलीबद्दल : तुमचा विद्यार्थी चुकला असं म्हणू नका. पश्चिमेकडं वीज करायला कोयनेचं पाणी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीच (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) वापरता येते, कृष्णा लवादानं तसं ठरवून दिलं. एक जूनला खातं नव्यानं उघडते. मे महिन्यात खात्यात कमी उरते, हे खरंच हाये.

मीटरवाली_आई

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम, म्हणजे त्यालाही जन्मापासून बौद्धिक अक्षमता. त्यानं मला बचत शिकवली, मी त्याला नाही, म्हणून लिहितेय.

'संपतं' हा शब्द त्याला नुसता कळत नव्हता. गॅस सिलेंडरनं कळला. भरलेला आला की तो ढकलून बघायचा, हलायचा नाही. महिना-सव्वा महिन्यानं तोच सिलेंडर एका हातानं तिरपा करायचा. आत १४.२ किलो गॅस असतो, तो जळून गेला की टाकी हलकी. संपणं म्हणजे हलकं होणं, इतकं सोपं. तुमच्या वर्गात पाच लिटरचा कॅन आणि वाळू वापरा, सिलेंडर नको.

बचतीसाठी चित्र रंगवायला लावू नका, मीटर दाखवा. नव्या मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो आणि तो किती वेळा लुकलुकला की एक युनिट, ते मीटरवरच छापलेलं असतं. आमच्यावर ३२०० आहे. हजार वॉटची इस्त्री लावली की मिनिटाला त्रेपन्न वेळा. साठ वॉटचा जुना दिवा, तीनदा. नऊ वॉटचा एलईडी, दोन मिनिटांत एकदा! माझा मुलगा वीसच्या पुढे मोजत नाही, पण 'भराभर' आणि 'हळूहळू' त्याला पक्कं कळतं. आता इस्त्री झाली की तोच बटण बंद करतो आणि मीटरकडे जाऊन खात्री करतो. शेजारणीकडेही करतो, तिला ते फारसं आवडत नाही.

अंध मुलीसाठी मैत्रिणीनं प्रत्येक लुकलुकीला तिच्या तळहातावर टिचकी द्यायची. मीटरला हात मात्र कुणी लावायचा नाही.

डोंगरपट्टी_गुरुजी

दहा दिवस गायब होतो, माफी. मिशी कातरली. बायकोनं कारण विचारलं, सांगितलं, विश्वास बसला नाही.

ऊर्जानगरकर, ओळखलंत. कोळसा लोहाराकडचाच होता. गेली कितीतरी वर्षं मी मुलांना चुकीचा कोळसा दाखवत आलोय आणि कुणी हटकलं नाही. तुमचं ढेकूळ शनिवारी पोचलं. मुलीनं दोन्ही हातात घेतले, वास घेतला आणि म्हणाली, "हा दगड आहे, तो लाकूड आहे." बस. मी पंचवीस कोटी वर्षं सांगायला तोंड उघडलं होतं, मिटलं.

मैदानात भिरभिरं घेऊन पळवलं. टेबलफॅनचा प्रयोगही केला. ती दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, "म्हणजे वारा त्यांना फिरवतो. मग त्यांना पंखे का म्हणतात?" उत्तर नव्हतं. आता वर्गात 'पंखा' म्हणणाऱ्याला ती थांबवते.

रिबीनची मोटर झकास. स्वमग्न मुलगा पाटीवर सावली धरायची आणि काढायची, यातच अर्धा तास रमला. मी सोडून दिलं. नंतर त्यानंच पाटी तिरपी करत करत रिबीन सर्वांत जोरात कधी फिरते ते शोधलं, पाटी उन्हाला सरळ भिडली की. मला हे शिकवायचं होतं हेही माझ्या पाठाच्या टाचणात नव्हतं.

ऊसतोडीच्या पोराची वेगळीच गोष्ट. त्यांच्या कोपीवर (झोपडीवर) छोटी सोलर पाटी आहे, दिवसा बॅटरी भरते, रात्री एक दिवा आणि बापाचा मोबाईल. ढग आले की आई आधी मोबाईल लावते, मग दिवा. वर्गातल्या बावीस जणांना बटण दाबलं की वीज येते, बचत म्हणजे उपदेश. त्याच्या घरी रोज संध्याकाळी ठरवावं लागतं. पाच मिनिटं तो बोलला, पोरांनी प्रश्न विचारले, मी मागच्या बाकावर बसलो.

मीटरचा प्रयोग नीट झाला नाही. आमचा मीटर जुना, ठिपका इतका फिका की उन्हात दिसेना. मग साठ वॉटचा जुना दिवा आणि नऊ वॉटचा एलईडी लावून वीतभर अंतरावर तळहात धरायला लावला. जुन्याची धग लागते, एलईडीची नाही. "सर, हा उजेड कमी नि शेक जास्त देतो," असं ओठ वाचणारा मुलगा म्हणाला. तो स्वतःहून वर्गात बोलला की माझी वही त्या दिवशी आपोआप बंद होते. हिशेब नंतर घेतला : रोज पाच तास धरले तर महिन्याला जुन्याची ९ युनिटं, एलईडीची दीड युनिटसुद्धा नाही.

कोयनेच्या बाटलीचा निकाल सांगायचा राहिला. खोके तसेच ठेवले, पण बाजूला बारा महिन्यांची पट्टी लावली आणि विचारलं, कधी परत मिळतं? सोलर पाटी 'उद्या सकाळी' वर गेली. गोवरीवर वाद झाला, ती अजून अधांतरी आहे. भिरभिरं बौद्धिक अक्षमता असलेल्या त्या मुलानं जूनवर ठेवलं, कारण पावसाळ्यात चक्क्या जोरात फिरतात हे त्याला कुणापेक्षाही चांगलं माहीत. बाटली हातात धरून बराच वेळ उभा होता. मग जून, जुलै, ऑगस्टच्या खाली ठेवली आणि म्हणाला, "पाऊस पडला तर." दगडी कोळशाला पट्टीवर जागाच सापडेना, तर तो घेऊन दाराबाहेर ठेवून आला.

ऊर्जानगरकर, तुमच्यासाठी एक प्रश्न राखून ठेवलाय. वायरी टेकवून दांडी जड होते ते मुलीनं चारपाच वेळा करून बघितलं. मग विचारलं, "आम्ही घरी दिवा लावला की तिकडं पोफळीला चाक जड होतं का?" (पोफळी म्हणजे कोयनेचं वीजघर.) मी म्हटलं, विचारून सांगतो. काय सांगू?

ऊर्जानगरकर

हो म्हणून सांगा. अगदी तसंच. एका दिव्यानं होते तेवढं काट्यावर दिसत नाही, पण संध्याकाळी सात वाजता सारं महाराष्ट्र दिवे लावते तेव्हा चाक खरंच जड होते आणि वेग ५० हर्ट्झच्या, म्हणजे विजेच्या ठरलेल्या लयीच्या, खाली सरकू पाहते. मग पोफळीला जास्त पाणी सोडावं लागते, आमच्याकडं जास्त कोळसा. हे काम करणाऱ्या यंत्राला गव्हर्नर म्हणतात.

तिला एवढंही सांगा की तो काटा पाहात मी कितीतरी रात्रपाळ्या काढल्या, पण दिवा लावणाऱ्याच्या बाजूनं हा प्रश्न मला कधी सुचला नाही. आणि गोवरीचं काय ठरलं ते कळवा.